अंदाज आधी लिहा, मग करून पाहा

गरम पाण्याच्या वाफेनं आरसा धुरकटला की त्यावर बोटानं आपल्याच चेहऱ्याची कड गिरवता येते. एक डोळा मिटायचा, डोकं हलू द्यायचं नाही आणि कपाळावरून, गालावरून, हनुवटीखालून जिथं प्रतिमेची कड दिसते तिथं बोट फिरवायचं. मात्र बोट लावण्याआधी कागदावर एक आकडा लिहून ठेवायचा: ही आकृती खऱ्या चेहऱ्याच्या मानानं केवढी निघेल? बहुतेक जण 'तेवढीच' लिहितात, काही 'जराशी लहान' लिहितात. पट्टी लावली की २२ सेंटिमीटर उंच चेहऱ्याची आकृती ११ सेंटिमीटर भरते. बरोबर निम्मी.

आता दुसरा अंदाज लिहा. तीन पावलं मागं गेलं तर चेहरा त्या आकृतीत सैल बसेल, की बाहेर सांडेल? मागं जाऊन पाहावं, तर चेहरा त्याच रेघेत नेमका बसलेला असतो. आपण आरशाच्या जितके पुढं, तितकीच आपली प्रतिमा आरशाच्या मागं. म्हणजे डोळ्यापासून प्रतिमेपर्यंतच्या वाटेत आरसा कायम अर्ध्यावर येतो, आणि अर्ध्या वाटेवर किरणांचा पसाराही निम्माच असतो. आपण मागं सरकलो की प्रतिमाही मागं सरकते. आरसा अर्ध्यावरच राहतो. प्रयोग फसतो तो दोन्ही डोळे उघडे ठेवल्यामुळे. मग दोन कडा दिसतात आणि बोट कुठल्या कडेवरून न्यायचं ते कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तर ती रेघ आपल्या चेहऱ्यावर बसलेली दिसतच नाही, कारण ज्या डोळ्यानं ती काढली त्या डोळ्यापुरतीच ती खरी असते.

यातून आणखी एक हिशेब निघतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत दिसण्यासाठी ७५ सेंटिमीटरचा आरसा पुरतो, पण तो टांगायचा कुठं हे महत्त्वाचं. तिचे डोळे १३८ सेंटिमीटरवर असतील तर आरशाची वरची कड १४४ वर, म्हणजे डोळे आणि टाळू यांच्या मधोमध, आणि खालची ६९ वर हवी. आरसा १० सेंटिमीटर वर टांगला तर पाय दिसणार नाहीत, आणि कितीही मागं गेलं तरी दिसणार नाहीत. 'मागं सरक, म्हणजे पूर्ण दिसशील' हा सल्ला इतक्या वेळा ऐकलेला असतो की हे वाक्य वाचूनही पटत नाही. करून पाहिल्यावरच पटतं.

मुलांना भौतिकशास्त्राची गोडी लागावी म्हणून जी नवलाईची माहिती सांगितली जाते, तिच्यात बहुधा प्रचंड आकडे असतात. न्यूट्रॉन ताऱ्यातलं चमचाभर द्रव्य अब्जावधी टन भरतं, वगैरे. माहिती खरी आहे. पण अब्जावधीऐवजी कुणी 'लाखभर टन' म्हणालं असतं, तरी ऐकणाऱ्याचे डोळे तितकेच विस्फारले असते, कारण न्यूट्रॉन ताऱ्याबद्दल त्याची आधी काही अपेक्षाच नव्हती. आरसा मात्र तो रोज बघतो. तिथं त्याचं ठाम मत असतं, ते कागदावर उतरलेलं असतं आणि दोन मिनिटांत ते चुकीचं ठरतं. मला हे दुसऱ्या प्रकारचं नवल फार मोलाचं वाटतं, आणि ते मिळण्यासाठी लागणारी वस्तू एकच: अंदाज लिहिलेला कागद. न लिहिलेला अंदाज उत्तर कळताच गुपचूप बदलतो आणि 'मला वाटलंच होतं' असं म्हणू लागतो.

पाण्यानं भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करण्याचा प्रयोग जवळपास प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असतो. पुठ्ठा पडत नाही. पाटीवर लिहिलेलं असतं: हवेचा दाब. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतक्या जोरानं दाबते आणि पेल्यातल्या १० सेंटिमीटर पाण्याचा दाब त्याच्या जेमतेम शंभरावा हिस्सा असतो, तेव्हा पाणी सहज पेललं जातं. इथवर ठीक. आता पेला अर्धाच भरा आणि अंदाज लिहा.

हुशार मूल इथं 'पडेल' असं लिहितं, आणि त्याचं कारण चोख असतं: अर्ध्या पेल्यात पाण्याच्या वर हवा आहे, तिचाही दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे, मग दोन्ही दाब एकमेकांना फेडतील आणि पाण्याचं वजन उरेल. पेला उलटा केला तरी पुठ्ठा पडत नाही. म्हणजे पाटीवरचं स्पष्टीकरण अपुरं होतं. मूल चुकलं, पण पाटीपेक्षा जास्त विचार करून चुकलं, आणि शिक्षकांनी थांबावं ते इथंच.

काय होतं ते जवळून पाहू. पेल्याची आतली उंची १० सेंटिमीटर, त्यात ५ सेंटिमीटर पाणी, ५ सेंटिमीटर हवा. उलटा करून हात काढला की पाण्याच्या वजनानं पुठ्ठा किंचित खाली फुगतो आणि दोन-चार थेंब कडेनं निसटतात. तेवढीच आतल्या हवेला जास्त जागा मिळते. जागा वाढली की तिचा दाब उतरतो. ५ सेंटिमीटर पाणी तोलायला दाब किती उतरायला हवा? सगळी हवा मिळून सुमारे १०३३ सेंटिमीटर पाणी तोलते, तेव्हा ५ भागिले १०३३, म्हणजे जवळपास अर्धा टक्का. ५ सेंटिमीटर हवेच्या थराला अर्धा टक्का पसरायला पाव मिलिमीटर पुरतो. पुठ्ठा आणि काठ यांच्यातली एवढी फट पाण्याचा पृष्ठताण सहज शिवून ठेवतो. पाणी बाहेर पडत नाही आणि, अधिक महत्त्वाचं, हवा आत शिरत नाही.

या हिशेबातून एक मजेदार गोष्ट निघते. लागणारी फट म्हणजे पाण्याची उंची गुणिले हवेची उंची, भागिले १०३३. हा गुणाकार सगळ्यात मोठा होतो तो दोन्ही उंच्या सारख्या असताना. म्हणून पूर्ण भरलेला पेला सोपा, तळाशी थोडंसं पाणी असलेला पेलाही सोपा, आणि अर्धा पेला सगळ्यात अवघड. पेल्याची उंची दुप्पट केली तर फट चौपट लागते: २० सेंटिमीटरच्या पेल्याला एक मिलिमीटर, ४० सेंटिमीटरच्या बरणीला जवळपास चार. तेवढी फट पृष्ठताणाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून उंच बरणी अर्धी भरून उलटी केली की पाणी बहुतेक वेळा पायावर येतं.

करताना काही पथ्यं पाळावी लागतात. पेला काचेचा किंवा कडक हवा. मऊ प्लास्टिकच्या भिंती आत दबतात आणि कमावलेली जागा घालवतात. काठ तुटका नको आणि तो आधीच ओला करून घ्यावा. पुठ्ठा जुन्या शुभेच्छापत्राच्या जाडीचा बरा. फार ओला झालेला बदलावा, कारण लिबलिबीत पुठ्ठा एका बाजूनं वाकतो आणि हवेचा बुडबुडा आत जातो. हात सावकाश, सरळ खाली काढायचा. बाजूला ओढला की पुठ्ठा हातासोबत येतो. आणि खात्री करायचीच असेल तर कडक प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीनं भोक पाडावं, ते बोटानं बंद ठेवून प्रयोग करावा आणि मग बोट उचलावं. पाणी त्याच क्षणी कोसळतं. यासाठी खाली बादली ठेवायला विसरू नये.

हवेचंच आणखी एक. लांबच लांब नळीनं पाणी वर ओढायचं तर जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत? फुप्फुसांऐवजी यंत्र लावलं, अगदी पूर्ण निर्वात केलं, तरी सुमारे १०.३ मीटर. त्यापुढं पाणी चढत नाही, कारण आपण पाणी ओढत नसतोच. वरचा दाब काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून त्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवरच थांबतो, आणि टोरिचेलीनं १६४३ मध्ये याच स्तंभावरून वायुदाबमापक बनवला. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतल्या हवेचं वजन किती, हाही अंदाज लिहून घेण्यासारखा आहे. 'काहीच नाही' पासून 'अर्धा किलो' पर्यंत उत्तरं येतात. ३६ घनमीटर गुणिले १.२ किलो, म्हणजे ४३ किलो.

पडणाऱ्या वस्तूंकडे वळू, कारण आपले अंदाज सगळ्यात जास्त फसतात ते इथं.

१५ सेंटिमीटर लांब आणि दोन बोटं रुंद अशी जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा. ती एकानं वरच्या टोकाला धरायची. दुसऱ्यानं आपला अंगठा आणि तर्जनी पट्टीच्या मधोमध, न शिवता, दोन सेंटिमीटरच्या अंतरानं उघडी ठेवायची. पहिल्यानं न सांगता सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. दहापैकी किती वेळा पकडेन? बहुतेक जण सात-आठ लिहितात आणि एक-दोन मिळवतात. बोटांच्या वर पट्टी उरते ७.५ सेंटिमीटर, आणि तेवढं पडायला वेळ लागतो ०.१२ सेकंद. डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं हुकूम दिला, बोटं मिटली, या सगळ्याला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. जे एक-दोन झेल मिळतात ते नशिबाचे, किंवा सोडणाऱ्याच्या बोटांची हालचाल आधी ओळखल्याचे.

हेच ३० सेंटिमीटरच्या मोजपट्टीनं केलं की वेळ मोजता येते. शून्याची खूण बोटांच्या पातळीवर ठेवायची, कोपर टेबलावर टेकवायचं आणि मनगट कडेबाहेर काढायचं, म्हणजे हात पट्टीमागं खाली धावत नाही. सोडणाऱ्यानं दोन ते पाच सेकंदांत केव्हाही, पण दर वेळी वेगळ्या वेळानं सोडायची. ५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१० सेकंद, १० वर ०.१४, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, ३० वर ०.२५. आकड्यांकडे नीट पाहा: ५ चे २० झाले, अंतर चौपट, तरी वेळ दुप्पटच. हा गॅलिलिओचा नियम. तो सूत्र म्हणून पाठ करण्याआधी पट्टीवर वाचायला मिळाला तर बरं. दहा झेल घ्या, ते चढत्या क्रमानं लिहा आणि मधला आकडा धरा. पाच सेंटिमीटरच्या आतला झेल खोडून टाका. तो पाहून घेतलेला नसतो, अंदाजानं घेतलेला असतो. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींतही इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत सुटणाऱ्याची सुरुवात चुकीची धरतात, ती याच कारणानं.

यापुढचा प्रयोग मात्र माझ्या मते शाळेत सक्तीचा असावा. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळापासून दोन बोटं वर खिळ्यानं तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. झाकण काढून टाका, नाहीतर धार लागणारच नाही (का लागणार नाही, ते आता सांगायला नको). बाटली पाऊण भरा, गळ्याशी दोन बोटांनी धरा, धार लागू द्या आणि दीड मीटर उंचीवरून सोडा. पडायला ०.५५ सेकंद लागतात. साध्या डोळ्यांना काही तरी बदललं एवढंच कळतं, पण मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारं मंदगती चित्रण घेतलं की या अर्ध्या सेकंदाच्या १३० चौकटी हातात येतात. बाटली सुटल्या क्षणापासून धार बंद. आधी निघालेलं पाणी पुढं जात राहतं, भोकातून नवं येत नाही.

आता खरा प्रश्न. बाटली वर फेकली तर वर जाताना धार कशी असेल? 'जोरात येईल', कारण बाटली वर जाते आणि पाणी मागं राहतं, असं लिहिणारे पुष्कळ. काही जण 'वर जाताना चालू, येताना बंद' लिहितात. चित्रणात दिसतं ते असं: हातात असताना, बाटलीला वर झोका देताना, धार खरंच जोरदार होते. हातातून सुटली की बंद. चढताना बंद, माथ्यावर बंद, उतरताना बंद. हातातून सुटल्यावर बाटलीवर आणि पाण्यावर एकच बल उरतं, गुरुत्वाकर्षण, आणि ते दोघांचाही वेग सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद या एकाच दरानं खाली वळवतं. बाटली वर चालली आहे की खाली याच्याशी त्याचा संबंध नाही. पाणी बाटलीच्या तळावर दाबत नाही, तेव्हा भोकातून ढकलणारं कुणी राहत नाही. प्रयोग बिघडतो तो बाटली गिरक्या घेऊ लागली की. फिरण्यामुळे पाणी भिंतीवर आदळतं आणि धार पुन्हा दिसते. म्हणून फेकताना मनगट वळवायचं नाही, दोन्ही हातांनी सरळ वर सोडायची. शिवाय बाटलीत पाणी थोडंच असेल तर ती हलकी पडते आणि हवेचा अडथळा तिला मागं खेचतो, पाण्याला नाही.

'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात' हे वाक्य या बाटलीनंतर टिकत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८८ टक्के आहे. स्थानक पडतच असतं: एका सेकंदात सुमारे ४.३ मीटर खाली येतं, पण त्याच सेकंदात ७.७ किलोमीटर पुढं जातं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही ४.३ मीटरच खाली वळलेली असते. म्हणून उंची तीच राहते, पडणं थांबत नाही. आतला अंतराळवीर म्हणजे बाटलीतलं पाणी.

मंदगती चित्रण हाताशी आहेच, तर खेळण्यातली ती सैल, लांबलचक स्प्रिंगही घ्या. वरचं टोक धरून ती लोंबू द्या. मीटरभर ताणली जाते. पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा. ही वाट पाहणं टाळलं की प्रयोग हमखास फसतो, कारण खाली-वर हेलकावणारी स्प्रिंग काहीही करू शकते. सोडल्यावर खालचं टोक काय करेल? वर उडेल, लगेच पडेल, की आणखी काही? ते जागेवरच राहतं. वरची वेटोळी मिटत मिटत खाली येतात आणि ती येऊन पोचेपर्यंत, साधारण ०.३ सेकंद, खालचं टोक हवेत लटकलेलं असतं. चित्रणात हे पाहताना अंगावर काटा येतो. खालच्या वेटोळ्यावर दोन बलं होती, वजन खाली आणि वरच्या वेटोळ्याची ओढ वर. हात सुटला ही बातमी तिथवर पोचते ती मिटत जाणाऱ्या स्प्रिंगमधूनच. तोवर त्या वेटोळ्यासाठी काहीच बदललेलं नसतं. सगळ्या स्प्रिंगचा गुरुत्वमध्य मात्र पहिल्या क्षणापासून ९.८ च्याच त्वरणानं पडतो, म्हणून वरचं टोक त्याहून वेगानं यावं लागतं. खाली एखादा चेंडू बांधला तर तोही तसाच लटकून राहतो.

चंद्रावरच्या प्रयोगाचा उल्लेख इथं हवाच. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही बरोबरच जमिनीला लागली. त्यासाठी चंद्रच लागतो असं नाही. जाड पुस्तकावर त्याहून लहान कागद ठेवा आणि पुस्तक आडवं सोडा. कागद पुस्तकाला चिकटल्यासारखा सोबत खाली येतो. कागद पुस्तकाच्या कडेबाहेर आला तर मात्र हवा त्याला उचलते.

त्याच पुस्तकाला दोन रबरबँड लावा, म्हणजे ते उघडणार नाही, आणि खाली उशी किंवा गादी ठेवा. पुस्तक तीन तऱ्हांनी फिरवून फेकता येतं. एक, मुखपृष्ठ वर ठेवून तबकडीसारखं. दोन, पाठकण्याच्या दिशेनं लाटण्यासारखं. तीन, मुखपृष्ठ वर ठेवून खालच्या कडेला धरून पुढून मागं अशी कोलांटी. तिसऱ्या वेळी नेमकी एक कोलांटी देऊन तीच कड परत झेलायची, आणि फेकण्याआधी लिहायचं: मुखपृष्ठ वर असेल का? पहिल्या दोन तऱ्हांत पुस्तक गुणी मुलासारखं फिरतं. तिसऱ्यात ते मध्येच अर्धी गिरकी घेतं आणि हातात येतं तेव्हा मलपृष्ठ वर असतं. हात सरळ ठेवून, सावध राहून, पुन्हा फेकलं तरी तेच.

पुस्तकाची तीन मापं वेगळी, म्हणून तीन अक्षांभोवती फिरवण्याची अडचणही वेगळी: एक सगळ्यात सोपा, एक सगळ्यात जड, एक मधला. सोप्या आणि जड अक्षांभोवती फेकताना हात थोडा तिरका पडला तर ती चूक तेवढीच राहून डुलत राहते. मधल्या अक्षाभोवती मात्र चूक वाढतच जाते. २४ × १६ × ३ सेंटिमीटरच्या पुस्तकाचा हिशेब केला तर एका फेरीत ती वीस ते चाळीस पट होते. हात दोन-तीन अंश तिरका पडला तरी पुस्तक उलटायला पुरे. जवळजवळ चौकोनी, १८ × १७ सेंटिमीटरचं पुस्तक घेतलं तर वाढ चौपटीच्या आसपासच, म्हणून एका कोलांटीत ते सहसा उलटत नाही. प्रयोग 'जमला नाही' अशी तक्रार येते तेव्हा पुस्तकाचा आकार आधी मोजावा. सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांना १९८५ मध्ये साल्युत ७ या अंतराळ स्थानकावर एका निसटलेल्या पंखवाल्या नटामध्ये हेच दिसलं: तो फिरत फिरत जाई आणि ठराविक वेळानं स्वतःच उलटा होई. गणितात ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती, पण डोळ्यांसमोर उलटणारा नट पाहणं वेगळं. हा प्रयोग मोबाइलनं करायचा मोह होतो. त्याचा आकार अगदी योग्य असतो. करू नये.

दोन वह्यांचा खेळ थोडक्यात. शंभर पानांच्या दोन वह्यांची पानं पत्त्यांसारखी, एक याचं एक त्याचं, अशी एकमेकांत आठ-दहा सेंटिमीटर सरकवायची आणि दोघांनी शिवणीकडून ओढायचं. वह्या सुटत नाहीत. नुसतं घर्षण म्हणून सोडून देऊ नये. पानं एकमेकांत गेल्यामुळे मधला भाग दुप्पट जाड होतो, म्हणून शिवणीपासून तिथं जाणारी पानं तिरकी होतात. तिरक्या पानाला ओढलं की ओढीचा एक हिस्सा गठ्ठा आवळण्यात जातो. जितकं जोरात ओढाल तितकी पकड घट्ट. याचं नेमकं गणित, पानांची संख्या आणि जाडी धरून, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दहा-दहा पानांचे थर घातले तर मात्र वह्या सहज निघतात, आणि खूप ओढलं तर शिवण आधी उसवते.

आणि अंदाज हाच सगळा वाद झाला, असंही एक प्रकरण आहे. १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलानं आइस्क्रीमचं मिश्रण गरम असतानाच गोठवायला ठेवलं, आणि ते इतरांच्या थंड करून ठेवलेल्या मिश्रणाआधी गोठलं. त्यानं कारण विचारलं तेव्हा त्याला हसण्यावारी नेलं. पुढं डेनिस ऑस्बोर्न हे भौतिकशास्त्रज्ञ शाळेत आले असता त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. ऑस्बोर्न यांनी प्रयोग करून पाहिला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावानं लेख आला. मुलाच्या चिकाटीची ही गोष्ट मला फार प्रिय आहे, पण ती 'गरम पाणी लवकर गोठतं' या ठाम वाक्यावर संपवणं चूक आहे. बाष्पीभवनानं पाणी घटणं, भांड्याखालचा बर्फ वितळून भांडं नीट टेकणं, आतले प्रवाह, शून्याखाली जाऊनही पाणी न गोठणं, अशी अनेक कारणं मांडली गेली. २०१६ मध्ये काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत तो परिणाम आढळला नाही, आणि तापमापी एखादा सेंटिमीटर वर-खाली ठेवली तरी निकाल उलटा भासू शकतो हे दिसलं. घरी करायचं तर दोन सारखी भांडी, वजन करून घेतलेलं सारखं पाणी, तापमापी दोन्हींत एकाच उंचीवर, भांड्याखाली लाकडी फळी, आणि 'गोठलं' म्हणजे नेमकं काय हे आधी लिहून ठेवलेलं: पहिला बर्फाचा पापुद्रा, की तळापर्यंत घट्ट? हे शेवटचं न ठरवल्यामुळेच निम्मी भांडणं होतात.

शेवटी ऊन. खिशातल्या आरशावर काळा कागद चिकटवा आणि त्यात एक सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण कापा. आरसा उन्हात, मातीच्या गोळ्यावर टेकवून, असा ठेवा की कवडसा दहा मीटर दूरच्या, सावलीतल्या भिंतीवर पडेल. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट पाहायचं नाही, आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. भिंतीवरचा आकार कसला असेल, लिहा. आरशासमोर वीतभर अंतरावर हात धरला तर त्रिकोण दिसतो, त्यामुळे सगळे बिनधास्त 'मोठा त्रिकोण' लिहितात. भिंतीवर गोल असतो. ती सूर्याची प्रतिमा. सूर्याचा व्यास त्याच्या अंतराच्या सुमारे १०७ वा भाग आहे, म्हणून दर मीटरला प्रतिमा ९.३ मिलिमीटरनं वाढते. मीटरभर अंतरावर ती भोकाएवढी होते, तिथं आकार धड त्रिकोणही नाही आणि धड गोलही नाही. तीन-चार मीटरपुढं त्रिकोण विरून जातो. झाडाखाली पडणारे कवडसे गोल का, याचं उत्तरही हेच: पानांमधल्या फटी वाटेल त्या आकाराच्या, कवडसे सूर्याच्या आकाराचे. खंडग्रास ग्रहणात त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात.

दहा मीटरवर गोलाचा व्यास ९.३ सेंटिमीटर यायला हवा. कड धूसर असते. तिच्या मधोमध खूण धरायची. भिंत तिरकी असेल तर गोल लांबट होतो, तेव्हा लहान व्यास मोजायचा. भोक मोठं केलं की उजेड वाढतो पण कड आणखी पसरते. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याला व्यास भागिले अंतर, म्हणजे ०.०९३ भागिले १०, यानं गुणलं की १३.९५ लाख किलोमीटर मिळतात. सूर्याचा खरा व्यास १३.९ लाख.

याच भिंतीवर आणखी एक अंदाज तपासता येतो: वर्षात सूर्य आपल्याला सगळ्यात जवळ केव्हा असतो? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला तो १५.२ कोटींवर गेलेला असतो. दहा मीटरवर हा फरक तीन मिलिमीटरचा पडतो, ९.५ आणि ९.२ सेंटिमीटर. तीन मिलिमीटर पकडायचे तर अंतर फितीनं दोन्ही वेळा तेच ठेवावं लागतं, भोकही तेच आणि मोजणाराही तोच.

मोजायला बसलं की पहिली अडचण वेगळीच येते. गोलाच्या एका कडेवर खूण करून पट्टी दुसऱ्या कडेला नेईपर्यंत पहिली कड खुणेवरून सरकलेली असते. पृथ्वी फिरते आहे, आणि दहा मीटरवर ते मिनिटाला चार सेंटिमीटर दिसतं. साधारण सव्वादोन मिनिटांत गोल आपल्याच व्यासाएवढा पुढं जातो. म्हणून या मोजणीला दोघं लागतात. दोघांनी दोन कडांवर पेन्सिलचं टोक टेकवायचं, एकानं 'आता' म्हणायचं, आणि खुणा एकदम करायच्या.